पाव किलोच्या वर नाही

काचीगुड्यात सत्यवतीबाईंच्या घरी जाऊन कुणी चहा मागितला तर चहा मिळतो, नाही असं नाही. आलं बरोबर, साखर बरोबर. पण कप पुढे ठेवताना बाईंचा चेहरा असा होतो की पिणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटावं. त्या घरात कॉफीच मागायची, आणि मागितल्यावर वीस मिनिटं मुकाट बसून राहायचं. घाई असेल त्याने खाली कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात जावं, असं बाई स्वतः सांगतात. रागाने नाही हं, अगदी मनापासून सांगतात.

बाई मूळच्या उदगीरकडच्या, शेतकऱ्याची लेक. आता पासष्टीच्या. गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी जिने कमी करा म्हणून बजावलंय. पण दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊला बाई पिशवी घेऊन निघाल्याच म्हणून समजा. नारायणगुड्याला मेट्रोत चढायचं, सिकंदराबादेला उतरायचं, आणि तिथल्या एका बोळात बबलूचं कॉफीचं दुकान गाठायचं. बबलू पन्नाशी ओलांडलेला, दोन जावयांचा सासरा, पण बापाच्या वेळेपासून गिऱ्हाईकं त्याला बबलूच म्हणतात. तो मंगळवारी पहाटे बिया भाजतो. बाई दिसल्या की गल्ल्यावरून उठतो, मूठभर बिया पुढे करतो आणि म्हणतो, "पहले तुम सूंघो अम्मा. तुम हौ बोले तोच बेचतूँ मैं."

बाई वास घेतात, एक बी दातांखाली फोडतात, जरा वेळ थांबतात आणि मान हलवतात. "पाव किलो."

"बस? आधा लेलो अम्मा, बार बार कैकू आते?"

"नक्को."

हे संभाषण दर पंधरा दिवसांनी होतं आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. परतताना मेट्रोच्या त्या गार डब्यात पिशवीतला वास हळूहळू पसरतो. मोबाइलमध्ये मुंडी खुपसून बसलेली पोरं मान वर करून इकडेतिकडे बघायला लागतात. बाई आपल्या खिडकीबाहेर बघत राहतात, पण आतून अशा फुललेल्या असतात की विचारू नका.

घरी आल्यावरचा थाट तर बघण्यासारखा. स्टीलचे तीन डबे, एकाहून एक लहान, घट्ट झाकणांचे, धुऊन-पुसून उन्हात कोरडे केलेले. बिया मोठ्या डब्यात. निम्म्या झाल्या की मधल्यात, मग धाकट्यात. डब्यात रिकामी जागा राहिली की तिथे हवा बसते आणि हवा कॉफीचा जीव घेते, हे बाईंचं ठाम मत. पुडीवर भाजल्याची तारीख बॉलपेनने लिहिलेली. दोन दिवस डबा उघडायचा नाही, बिया मुरू द्यायच्या. कॉफीत मिसळायची ती चिकोरीच्या मुळांची पूड वेगळ्या बरणीत, कारण ती मेली दमट हवा ओढून घेते. दळायचं ते त्या वेळेपुरतं, मिक्सरच्या छोट्या भांड्यात, आणि त्या भांड्यात कुणी लसणाची चटणी वाटली तर त्याची खैर नाही. फ्रिजमध्ये ठेवायचं नाव काढायचं नाही. बाहेर काढलं की घाम फुटतो डब्याला, आणि फ्रिजमधला ठेचा काय गप्प बसणाराय?

आणि हे डबे ठेवायचे कुठे? हैदराबादचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. बाईंनी एका वर्षी घरभर हात लावून पाहिले आणि शोध लावला की सगळ्यात गार जागा म्हणजे यजमानांच्या लाकडी कपाटाचा तळचा खण. नामदेवराव वीजखात्यातून निवृत्त झालेले. त्या खणात त्यांचे पेन्शनचे कागद असायचे.

"तीस वर्षांची नोकरी माळ्यावर गेली आणि कॉफी कपाटात आली," नामदेवराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. "माझ्या शर्टांना वास येतो. बँकेत गेलो की मॅनेजर विचारतो, साहेब, हॉटेल टाकलं का?"

सांगताना तक्रारीचा सूर असतो, पण मिशीतल्या मिशीत हसू असतं. बायकोचं कौतुक असं आडून करायची त्यांची जुनी खोड आहे.

आता ही बाई जन्मतःच अशी होती असं समजू नका. उलट, कॉफीचे धिंडवडे कसे काढावेत हे काचीगुड्याने पहिल्यांदा पाहिलं ते हिच्याच हातून.

लग्न होऊन आल्या तेव्हा सत्यवती एकवीस वर्षांची. सासू सरुबाई, सत्यवती तिला आत्याबाई म्हणायची. आत्याबाईचा सगळा मान साठवणीत. उन्हाळ्यात बेगम बाजारातून वर्षाची तूर, वर्षाच्या मिरच्या, वर्षाची हळद एकदम आणायची, गच्चीवर वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालून डबे भरायचे. काळ्या मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे. घरात काही पावशेराने आणणं म्हणजे दारिद्र्याचं लक्षण, चारचौघात सांगायची सोय नाही. सत्यवतीला माहेरीही हेच वळण होतं, त्यामुळे तिला ते जड गेलं नाही.

शेजारच्या दाराला राहायच्या कामेश्वरम्मा. गोदावरीकाठच्या, नवरा रेल्वेत. सत्यवतीपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठ्या. सत्यवती त्यांना अक्का म्हणायची, आणि दोघींची भाषा म्हणजे अर्धी तेलुगू, अर्धी हैदराबादी हिंदी आणि वर मराठीची फोडणी. आपण आपलं मराठीत ऐकू. अक्का दुपारी तिला बोलावून कॉफी द्यायच्या. सत्यवतीने तोवर कॉफी म्हणून जे प्यायलं होतं ते जायफळ घातलेलं गोड दूध होतं. अक्कांची कॉफी पहिल्यांदा प्यायली आणि पेल्याचा तळही चाटूनपुसून संपवला. रोज उठून दुसऱ्याच्या घरी प्यायची, मग आपणही एकदा बोलवावं, असं मनाने घेतलं.

आणि बोलवायचं तर आपल्या घराच्या इतमामाला शोभेल असं! नामदेवरावांना पाठवून तिने बेगम बाजारातून दोन किलो कॉफी पावडर आणवली. गच्चीवर धोतर अंथरून दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवली. वरून कडुनिंबाचा पाला. बरणी भरली, वर हिंगाचे चार टपोरे खडे ठेवले, फडक्याने तोंड बांधलं आणि बरणी चुलीच्या वरच्या फळीवर बसवली, दमट होऊ नये म्हणून. आत्याबाई म्हणाली, "पोरगी शहाणी हाय." तीन आठवड्यांनी अक्कांना बोलावलं.

कामेश्वरम्मांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. वाकून पेल्यात बघितलं आणि काळजीने विचारलं, "सत्यवती, घरात ताप कुणाला आलाय? हा काढा कुणासाठी?"

पोरगी शरमेने पाणी पाणी झाली. आत्याबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या वेगळ्याच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामेश्वरम्मा दारात उभ्या. "चल माझ्याबरोबर." बसने सिकंदराबादला नेलं, बबलूच्या बापाच्या दुकानात उभं केलं आणि हातात गरम बिया ठेवल्या. "वास घे. हा वास पंधरा दिवस टिकतो, मग निघून जातो. कॉफी म्हणजे कोथिंबीर समज. कोथिंबीर वर्षाची भरतेस का?"

"नाही अक्का."

"मग पाव किलोच्या वर घ्यायची नाही. कधीच नाही."

त्या दिवसापासून सत्यवती शिकायला लागली. आत्याबाई वर्षभर कुरकुरली की सून पुड्या बांधून आणते, लोक काय म्हणतील. सत्यवतीने ऐकून घेतलं आणि पुड्या आणत राहिली. अक्कांनी सगळं शिकवलं, हातचं राखून काही ठेवलं नाही. एक सोडून. सत्यवतीची कॉफी प्यायली की अक्का म्हणायच्या, "परवालेदू." म्हणजे चालेल, वाईट नाही. तेलुगूत चांगलं झालं तर "बागुंदी" म्हणतात, हे सत्यवतीला पक्कं ठाऊक होतं. अक्का केळीच्या भाजीला बागुंदी म्हणायच्या, आत्याबाईच्या पुरणपोळीलाही म्हणायच्या. कॉफीला मात्र पंधरा वर्षं परवालेदू. सत्त्याण्णव साली नवरा निवृत्त झाला आणि त्या राजमंड्रीला निघाल्या, तेव्हा सामान ट्रकमध्ये चढत असताना सत्यवतीने शेवटची कॉफी नेऊन दिली. अक्का रडत होत्या. रडता रडता प्यायल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "परवालेदू."

हे बाईंना फार लागलं होतं. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, पण लागलं होतं. पुढच्या सगळ्या वर्षांत कॉलनीने, पाहुण्यांनी, खुद्द बबलूने शेकडो वेळा वाहवा केली. बाई हसून घ्यायच्या. मनात म्हणायच्या, तुम्हाला काय कळतंय?

यंदा चैत्रात फोन आला. कामेश्वरम्मांच्या लेकीचा, रेणूचा. सिकंदराबादेत एका लग्नाला आम्ही येतोय, अम्मा हट्ट धरून बसलीय की सत्यवतीकडे जायचंच. गुरुवारी दुपारी चार ते पाच, मग रात्रीची गाडी.

बाईंनी फोन ठेवला आणि कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. गुरुवार. म्हणजे मंगळवारी भाजलेल्या बिया दोन दिवस मुरून नेमक्या रंगात आलेल्या. नशीब म्हणायचं की काय! बबलूला सोमवारीच फोन केला, "कल ज्यादा काला नक्को करो," आणि त्यानेही इमानाने हवं तसं भाजून दिलं. गुरुवारी सकाळपासून बाईंचा पाय जमिनीवर ठरेना. नामदेवराव म्हणाले, "अगं, अक्का येतायत, गव्हर्नर नाही." बाईंनी त्यांच्या हातात पेले पुसायला फडकं दिलं.

साडेतीनला चार पेल्यांपुरत्या बिया दळून ठेवल्या आणि त्या साडी बदलायला गेल्या. तेवढ्यात बेल वाजली. अर्धा तास आधीच! सूनबाई माधवी ऑफिसचं काम घरूनच करते, तिने लॅपटॉप मिटला आणि आतून ओरडली, "आई, तुम्ही त्यांच्यापाशी बसा. डिकॉक्शनचं मी बघते." माधवीने हे दहादा पाहिलेलं, पोरगी हुशार. बाई बाहेर गेल्या.

कामेश्वरम्मा चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या. पाठीला बाक आलेला, एका हातात काठी, दुसरा रेणूच्या खांद्यावर, पण नाकातल्या दोन्ही चमक्या तशाच. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. आत्याबाई गेली, अक्कांचे यजमान गेले, कोणाचा मुलगा कुठे, कोणाला काय झालं, सगळं निघालं. मग माधवी ट्रे घेऊन आली. वर फेस, कडेला तो तपकिरी रंग. दिसायला झकास. कामेश्वरम्मांनी पेला उचलला, घोट घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बागुंदी," त्या म्हणाल्या. "चाला बागुंदी, सत्यवती."

घ्या! फार छान, म्हणजे मागितलं त्याच्या दुप्पट. चाळीस वर्षांहून जास्त ज्या शब्दासाठी थांबल्या तो असा, दुसरा घोट घ्यायच्या आत. बाईंचा ऊर भरून आला. नामदेवरावांना त्या शब्दाची किंमत ठाऊक होती. त्यांनी बायकोकडे पाहून भुवया उंचावल्या. बाईंनी डोळे टिपले, आपला पेला उचलला आणि घोट घेतला.

आणि पेला पुन्हा नाकाशी नेला.

ही कॉफी नव्हती त्यांची. मागे कसलातरी खवट, जुन्या कागदासारखा वास होता. पुन्हा घोट घेतला. तोच वास. कुणीतरी शिळं मिसळलं होतं यात, चांगलं जुनं, सहा महिन्यांचं तरी.

आता बघा, गप्प बसायला काय हरकत होती? शब्द मिळाला होता. अक्का मजेत पीत होत्या. एक तास आणि त्या निघून जाणार, पुन्हा या जन्मी भेट होईल न होईल. नामदेवराव तर खुशीत मिशी पुसत होते. बाईंनी आपला पेला खाली ठेवला. मग उठल्या, पुढे झाल्या आणि कामेश्वरम्मांच्या हातातला पेला काढून घेतला.

"अक्का, पिऊ नका. ही शिळी आहे. चांगली नाही ही."

माधवी गोरीमोरी झाली. ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही दळलेली थोडी वाटली. पाहुण्यांना कमी पडायला नको म्हणून मी ती खिडकीतली घातली, चार चमचे. तशीही पडून होती, संपून जाईल म्हटलं."

खिडकीतली म्हणजे माधवीच्या ऑफिसातून दिवाळीला आलेली, सुंदर काचेच्या बरणीतली पावडर. सहा महिने उन्हात शोभेला उभी. कमी पडायला नको आणि जुनं संपायला हवं. बाईंना एकदम गच्चीवरचं धोतर आठवलं, कडुनिंबाचा पाला आठवला. रागवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माधवीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मंगळवारी तू माझ्याबरोबर चल. आता दूध तापव."

डबा काढला, नव्याने बिया दळल्या, चिकोरी मोजली, फिल्टर भरला, उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावलं. आता वीस मिनिटं. बाहेर आल्या तर कामेश्वरम्मा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून त्यांची वाट बघत होत्या.

"सत्यवती, तुझ्याशी खोटं बोलले मी."

"म्हणजे?"

"कोरोना झाला होता ना मला, तेव्हापासून नाक गेलंय. वास नाही, चव नाही. गरम आहे आणि गोड आहे, एवढंच कळतं. तुला बरं वाटावं म्हणून बागुंदी म्हटलं." मग त्याच म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ना."

बाईंना रडू यावं की हसू, कळेना. "मग तेव्हा का नाही हो म्हटलं, अक्का? तेव्हा तर नाक शाबूत होतं!"

"तेव्हा म्हटलं असतं तर तू तिथेच थांबली असतीस. आणि नंतर म्हणायला मी इथे नव्हते." मग त्यांनी रेणूला खूण केली. रेणूने पर्समधून कॉफीची एक पुडी काढली. "ही घे. आमच्या गावातला एकजण घरपोच देतो. तीन वर्षं मी नुसत्या भरवशावर पितेय. रेणूला विचारलं तर म्हणते छान आहे, तिला काय कळतं! तू सांग. मला फसवत नाही ना तो?"

अहो, काय ही बाई! अडीचशे मैलांवरून पुडी बांधून आणली होती, सत्यवतीच्या नाकाखाली धरायला. ज्यांच्यासमोर सत्यवती परीक्षेला बसल्यासारखी बसायची, त्या आज पुडी पुढे करून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. बाईंनी पुडी उघडली. वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवली.

"अर्ध्याहून जास्त चिकोरी," बाई म्हणाल्या. "आणि दळून तीन महिने तरी झालेत. अक्का, फसवतोय तो तुम्हाला."

"ऐकलंस?" कामेश्वरम्मा लेकीवर कडाडल्या. "मी सांगत होते की नाही!"

तोवर डिकॉक्शन उतरलं. बाईंनी दूध घातलं, उंचावरून दोनदा ओतून फेस आणला आणि चारही पेले बाहेर आणले. कामेश्वरम्मांनी पेला हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"आधी तू पी. कशी झालीय ते तू सांग. तू म्हणशील ते खरं."

बाईंनी पेला नाकाजवळ नेला. वास घेतला. एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, डोळे मिटले. परवालेदू म्हणून टाकणं सोपं होतं, विनयाला शोभलंही असतं. पण अक्कांनी खरं विचारलं होतं. सत्यवतीबाईंनी डोळे उघडले आणि मान ताठ करून, अगदी स्पष्ट सांगितलं,

"बागुंदी, अक्का."

कामेश्वरम्मांनी मान डोलावली. मग त्यांनी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, सावकाश, जणू सगळा वास येतोय. रिकामा पेला रेणूच्या हातात देत म्हणाल्या, "आजपासून कॉफी इथूनच मागवायची. हिने वास घेऊन पाठवलेली. किती घ्यायची ते हिला विचार."

"पाव किलो," सत्यवतीबाई म्हणाल्या, आणि अक्कांच्या नव्या पुडीवर मंगळवारची तारीख लिहायला बॉलपेन शोधू लागल्या.